सर्वपित्रीच्या दिवशीची जाहिरात

माझं नाव शोधलं की माझा चुलत भाऊ सापडायचा. हे मी कुणाला सांगितलं की समोरच्याला वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय. मग मी म्हणायचे, काढा तुमचा मोबाईल आणि टाका माझं नाव. ते टाकायचे. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत माझं आडनावासकट पूर्ण नाव यायचं, त्यापुढे ‘शोधताय?’ आणि खाली ‘अधिकारी गुरुजी आता घरपोच. परंपरेशी तडजोड नाही.’ त्यावर बोट ठेवलं की भावाच्या कंपनीचं पान उघडायचं. माझं स्वतःचं पान कुठेतरी खाली, एका योगवर्गाच्या आणि एका पंचांगाच्या मधोमध अंग चोरून बसलेलं असायचं.

मी पौरोहित्य करते. वास्तुशांत, मुंज, लग्न, सत्यनारायण, श्राद्ध, सगळं. माझे बाबा गुरुजी होते. कोथरूडमध्ये शेतं जाऊन सोसायट्या उभ्या राहिल्या, तेव्हा तिथल्या कितीतरी घरांची वास्तुशांत बाबांनी केली. मी आधी एका आयटी कंपनीत पगाराचं काम बघत होते. तिथल्या खुर्चीला आणि एसीला कंटाळले, नोकरी सोडली आणि बाबांच्या पुढ्यात शिकायला बसले. ते म्हणाले, आवाज चांगला आहे, आळस नको. पुढे त्यांना जिने चढवेनात, तेव्हा ते यजमानांना सरळ सांगायचे की मुलगी येईल, चालत असेल तर बोला. बहुतेकांना चाललं.

पुरोहिताचं सगळं असतं ते यजमानांवर. दुकान नाही, पाटी नाही, पेन्शन नाही. ठरलेली घरं असतात आणि त्या घरांत तुमचं नाव असतं. बाबा गेल्यावर माझ्याकडे तेवढंच होतं.

त्यांच्या तेराव्याला जेवणं उरकली आणि भावानं मला बाजूला घेतलं. तो काकांचा मुलगा, माझ्याहून थोडा लहान; काका बाबांच्या आधीच गेले होते. आयटीत बरीच वर्षं काढून त्यानं बाणेरला ऑफिस थाटलं होतं आणि मोबाईलवर गुरुजी बुक करायची कंपनी काढली होती. म्हणाला, “तुझ्या बाबांचे यजमान माझ्याकडे दे. तुला कमिशन देतो.” मी म्हटलं, यजमान म्हणजे काय जुनं फर्निचर आहे द्यायला? तर तो चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात, बाबांच्या फोटोसमोर म्हणाला, “अगं, तसंही तुला ते टिकवता येणार नाहीत. बाईमाणसाला याचा अधिकारच नाही. तुझे बाबा होते म्हणून लोकांनी खपवून घेतलं.” काकू, म्हणजे त्याची आई, तिथेच पानं उचलत होती. ती एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मी त्यांच्या घराची पायरी चढले नाही.

जाहिरातीतला तो ‘अधिकारी’ शब्द तिथला होता. इतर कुणाला तो नुसता भारदस्त वाटला असता. मला मात्र बरोबर लागला, कारण लागावा म्हणूनच तो निवडला होता.

सुरुवातीला मी दुर्लक्ष केलं. मग डहाणूकर कॉलनीतल्या एका आजींचा फोन आला. बाबांच्या वेळचं घर. म्हणाल्या, “अगं, तू स्वतः का नाही आलीस? नातवानं तुझंच नाव टाकून गुरुजी मागवले. एक मुलगा आला, त्यानं खिशातून फोन काढला, मंत्र लावले आणि स्वतः चहा पीत बसला. तू असली माणसं पाठवायला लागलीस होय?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पूजा गेली त्याचं दुःख होतंच, पण त्या आजींच्या मनात तो चहा पिणारा मुलगा माझ्या नावावर जमा झाला होता. असे फोन वाढत गेले आणि माझ्याकडची बोलावणी कमी होत गेली. बाबांचं एकेक घर माझ्याच नावाच्या दारातून त्याच्याकडे चाललं होतं.

मग मीही जाहिरात करायची ठरवली. आणि इथून पुढची माझी जी ससेहोलपट झाली, ती वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नये. नाही, चुकलं. एका वैऱ्याच्या वाट्याला यावी.

आधी मी त्या फोनवरून पत्ते सांगणाऱ्या कंपनीकडे गेले. गुरुजी, प्लंबर, दंतवैद्य, सगळे त्यांच्याकडे मिळतात. नोंदणी केली आणि दुसऱ्या दिवसापासून मला फरशीवाले, कर्जवाले आणि पाण्याच्या टाक्या धुणारे फोन करायला लागले. एकदा मीच खात्री करायला ‘कोथरूडमध्ये पुरोहित हवेत’ म्हणून चौकशी टाकली. तासाभरात त्यांचाच माणूस मला फोन करून म्हणाला, मॅडम, कोथरूडमध्ये एका गिऱ्हाइकाला गुरुजी हवेत, पॅकेज घेतलंत तर नंबर देतो. मलाच माझा नंबर विकत होता! मी म्हटलं, अहो, त्या बाईला ओळखते मी, तिला काही नको आहे.

मग मैत्रिणींचं ऐकून फोटो टाकायच्या त्या दुसऱ्या ठिकाणी पैसे घातले. तिथे गुलाबाच्या फुलांवर ‘शुभ सकाळ’ लिहून पाठवणारे गृहस्थ तेवढे भेटले. पूजा कुणालाच घालायची नव्हती.

शेवटी त्या बड्या सर्चवाल्या कंपनीकडेच जावं लागलं, कारण भाऊ तिथेच बसला होता. खातं उघडलं. ‘गुरुजी’ या शब्दावर जाहिरात लावली, तर शाळामास्तर लोक बदलीची माहिती शोधत माझ्या पानावर यायला लागले. ‘वास्तुशांत’ लावली तर फ्लॅट बघणारे आले. आणि ते आले की पैसे माझे कापले जायचे. त्यांनी एक बोट टेकवायचं आणि भुर्दंड मी भरायचा! ‘श्राद्ध’ लिहिलं तर जाहिरातच नामंजूर झाली. कारण काय, तर मी लोकांच्या दुःखद प्रसंगांचा गैरफायदा घेतेय. कपाळाला हात लावला मी. माझं नाव पळवणारा त्यांना चालत होता आणि श्राद्ध म्हणणारी मी गैरफायदा घेणारी.

मदतीला सल्लागार असायचे. दर थोड्या महिन्यांनी बदलायचे, आवाज मात्र सगळ्यांचे साखरेत घोळलेले. हिंदीत बोलायचे. मी नावाची तक्रार केली की म्हणायचे, इसमें गलत कुछ नहीं, मॅम, बजेट थोडा बढाते हैं. एकाला मी पितृपंधरवड्याचं सांगत होते. तो उत्साहानं म्हणाला, “श्राद्ध मतलब कौनसा फेस्टिव्हल, मॅम? फेस्टिव्ह ऑफर डाल दें?” डाल बाबा. एका श्राद्धावर एक मोफत डाल.

नावाच्या तक्रारीसाठी वेगळी सोय होती म्हणे. तिथे विचारलं होतं, हे नाव तुमचं आहे याचं नोंदणी प्रमाणपत्र जोडा. म्हणजे साबणाच्या वडीसारखं रीतसर नोंदवलेलं नाव. मी कळवलं की हे नाव माझ्या आत्यानं बारशाला पाळण्यात घालून माझ्या कानात सांगितलं, त्याचं प्रमाणपत्र देत नाहीत. उत्तर आलं की आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत, प्रकरण बंद करण्यात आलं आहे.

त्या दिवशी मी खूप रडले. मग तोंड धुतलं आणि ठरवलं, आता न्याय नको. आता उट्टं काढायचं. मला त्याचं वाईट व्हायला हवं होतं, अगदी स्वच्छ शब्दांत वाईट, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत.

वाट सापडली ती एका सल्लागाराच्याच तोंडून. पितृपंधरवडा जवळ आला होता. ती मुलगी मला समजावत होती की तुमच्या स्पर्धकानं सगळा कारभार मशिनवर सोपवलाय, मॅम. जास्तीत जास्त बुकिंग कुठून येतील ते मशीन स्वतः शोधतं, जाहिरात वाढवतं, बुकिंग घेतं. त्याला काही बघावंच लागत नाही. तुम्हीही तसंच करा. मी म्हटलं, काहीच बघावं लागत नाही? कोणत्या दिवसाचं, किती वाजताचं, तेही नाही? ती अभिमानानं म्हणाली, कुछ भी नहीं.

मी फोन ठेवला आणि एकटीच हसले.

सांगते का ते. श्राद्ध दुपारीच करतात. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. सत्यनारायण कधीही घाला, पण श्राद्धाला दुपारच लागते. पंधरवड्यात ज्याच्या त्याच्या तिथीप्रमाणे कामं विभागली जातात, त्यामुळे निभतं. पण ज्यांना तिथी माहीत नाही, ज्यांची हुकली, जे विसरले, ते सगळे शेवटच्या दिवशी येतात, सर्वपित्री अमावास्येला. अख्ख्या पुण्याला त्या दिवशी गुरुजी हवे असतात आणि अमावास्येला दुपार एकच असते. बाबा त्या दिवसाचे शब्द फार जपून द्यायचे. मशिनला दुपार म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नव्हतं. भावाला माहीत होतं, गुरुजींच्या घरातलाच तो, पण त्यानं बघणंच सोडून दिलं होतं.

पंधरवडा सुरू होताच मी माझ्या सगळ्या जाहिराती बंद केल्या. जा म्हटलं, सगळे त्याच्याकडे जा. सल्लागार मुलगी हवालदिल झाली. मॅम, परफॉर्मन्स गिर रहा है. मी म्हटलं, गिरने दो.

माझ्याबरोबर शिकलेल्या बायका आहेत. एक विश्रांतवाडीत राहते, एक मांजरीला, बाकीच्या कोथरूडमध्येच. सगळ्या चोख मंत्र म्हणणाऱ्या आणि सगळ्यांना कुठे ना कुठे ‘बाई कशाला?’ ऐकून झालेलं. त्यांना मी सांगितलं, अमावास्येला बाहेरचं एकही काम घेऊ नका. पिशव्या भरून, गाडीत पेट्रोल घालून, घरी तयार बसा. विश्रांतवाडीची म्हणाली, “आणि कुणीच बोलावलं नाही तर?” मी म्हटलं, बोलावतील, आणि हात जोडून बोलावतील.

मग जे मला इतकी वर्षं सांगितलं गेलं होतं की यात गैर काही नाही, तेच मी केलं. त्याच्या कंपनीचं नाव विकत घेतलं. म्हणजे त्या दिवशी जो कुणी त्याच्या कंपनीचं नाव टाकेल, त्याला सगळ्यात वर मी दिसणार. जाहिरातीत एकच ओळ लिहिली: ‘गुरुजी आले नाहीत का? आम्ही येतो.’ त्याखाली माझा नंबर. श्राद्ध हा शब्द त्यात नव्हता, त्यामुळे ती चुटकीसरशी मंजूर झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कंपनीनं मला बिनशर्त आशीर्वाद दिला.

अमावास्येची सकाळ शांत गेली. मी दोनदा चहा घेतला. विश्रांतवाडीचा फोन आला, काय गं, बसूनच राहायचं का? मी म्हटलं, धीर धर. अकरा वाजून गेले आणि पहिला फोन आला. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा, आईवडील नागपूरहून आलेले, घरात खीर तयार, आणि गुरुजींचा पत्ता नाही. मग फोन थांबेचनात. कुणी म्हणत होतं, ते गुरुजी मांजरीत अडकलेत आणि त्यांना मशिननं पुढचं काम कोथरूडचं दिलंय, कसे येणार? कुणी म्हणत होतं, तुमच्या ऑफिसात कुणी फोनच उचलत नाही. मी प्रत्येकाला नम्रपणे सांगायचे, आम्ही त्यांच्यापैकी नाही, आमच्याकडे बायका आहेत, चालेल का? एकानंही ‘अधिकार’ हा शब्द काढला नाही. ताई, कुणीही या, पण या! असंच सगळे म्हणत होते. माझ्या बायका निघाल्या. पुण्याच्या रहदारीतून त्या कशा पोचल्या ते त्यांनाच माहीत, पण पोचल्या.

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटत होत्या. बाणेरच्या त्या काचेच्या ऑफिसात त्याची पाचावर धारण बसली असेल, हे डोळ्यांसमोर येत होतं आणि मला इतकं बरं वाटत होतं की बस्स. एकेका फोनसरशी मी मनात म्हणत होते, घे. अजून घे.

सगळ्या बायका कामाला लागल्या, मी एकटी उरले आणि आणखी एक फोन आला. बाईचा म्हातारा, घाईतला आवाज. “अहो, तुमचे गुरुजी अजून आले नाहीत. माझाच मुलगा तुमचा साहेब आहे, तर तोही फोन उचलत नाही. आमच्या ह्यांचं श्राद्ध आहे. तिथीला त्याला वेळ झाला नाही म्हणून आज ठेवलं, तर हे असं. शेजारच्या मुलीनं कंपनीचा नंबर शोधून दिला. पत्ता घ्या.”

मी पत्ता लिहिला नाही. मला तो पाठ होता.

काकू होती. मला ओळखलं नव्हतं तिनं. क्षणभर वाटलं, सांगावं, की तुमच्या साहेबांनाच विचारा. जीभ अगदी तिथपर्यंत आली होती. पण श्राद्ध काकांचं होतं. मी नोकरी सोडल्यावर बाबांखेरीज ज्या एका माणसानं मला नावं ठेवली नाहीत ते काका. माझी पहिली पूजा त्यांनी घातली होती. मी मंत्रात अडखळले तर ते डोळे मिटून बसून राहिले, मला सापडेपर्यंत. त्यांच्या पानावर मी कशी सूड उगवणार? मी म्हटलं, “येतो आम्ही,” आणि गाडी काढली.

दार काकूनंच उघडलं. बघतच राहिली. “तू?”

“तुम्हीच फोन केलात.”

तिच्या लक्षात यायला वेळ लागला. मग तिचं तोंड कसंनुसं झालं. ती बाजूला झाली आणि म्हणाली, “ये. सगळं तयार आहे. दुपार टळायला आलीय.”

मी मांडामांड केली. हल्ली श्राद्धाला जेवायला ब्राह्मण मिळत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी पाटावर दर्भ ठेवतात. तसे ठेवले. तेवढ्यात भाऊ आला. घामाघूम, शर्ट बाहेर, हातातला मोबाईल सारखा थरथरतोय. मला पाटाशी बसलेली बघून तो जागच्या जागी थांबला.

“हिला कुणी बोलावलं?”

“मी,” काकू म्हणाली. “तुझ्या कंपनीचं नाव टाकलं तर हिचा नंबर आला. हातपाय धू आणि बस.”

त्याला एका क्षणात सगळं कळलं. सकाळपासूनचं सगळंच. माझ्याकडे त्यानं जे बघितलं, ते मी जन्मभर जपून ठेवीन. मग आत जाऊन त्यानं धोतर नेसलं. तो बसला. मी सांगेन तसं जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, मी सांगेन ते म्हणाला, मी सांगेन तिथे पाणी सोडलं. मी एक अक्षर गाळलं नाही. घाई केली नाही, आवाज चढवला नाही. काकांना जसं आवडलं असतं तसं सगळं केलं.

शेवटाकडे यजमानानं जेवणाऱ्या ब्राह्मणांना विचारायचं असतं, तृप्त झालात ना? ते ‘झालो’ म्हणाले की पुढचं होतं. तोवर श्राद्ध पुरं होत नाही आणि घरातलं कुणी जेवत नाही. दर्भ काही बोलत नाहीत. त्यांच्या वतीनं उत्तर गुरुजींनीच द्यायचं असतं.

त्यानं विचारलं, “तृप्त झालात?”

मी गप्प बसले.

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि हळू आवाजात म्हणाली, “काढून टाक तिचं नाव. तेराव्यालाच बोलायला हवं होतं मी.”

त्यानं ओले हात धोतराला पुसले, मोबाईल घेतला. बराच वेळ बोटं चालत होती, कारण मशिनवर सोपवलेलं परत हातात घ्यायला त्यालाही ते नीट सापडत नव्हतं. मी घाई केली नाही. मग त्यानं मोबाईल माझ्यासमोर धरला. मी माझं नाव टाकलं. वर कुणीही नव्हतं. मीच होते.

मोबाईल त्यानं पाटामागे पालथा ठेवला, हात जोडले आणि मान खाली घालून तिसऱ्यांदा विचारलं, “गुरुजी, तृप्त झालात?”

मी काकांच्या फोटोकडे बघितलं आणि काकांच्या वतीनं म्हटलं, “झालो.”

आणि मला स्वतःला, तृप्त झालीस का, असं कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी माझं उत्तर दिलं नाही.